विश्लेषण : मार्शल आर्ट चित्रपटांचे सर्वोत्तम दशक कोणते? ब्रूस लीच्या २१ महिन्यांनी या वादाचे उत्तर कसे बदलले?

मार्शल आर्ट चित्रपटांच्या चाहत्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो : या चित्रपटांचे सर्वोत्तम दशक कोणते? कुणी साठच्या दशकातील तलवारबाजीला कौल देते, कुणी सत्तरच्या दशकातील कुंग फूला, तर कुणाला ऐंशीच्या दशकातील जॅकी चॅनचे जिवावर बेतणारे स्टंट आवडतात. सत्तरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हुकमी एक्का असतो ब्रूस ली. मात्र हिशेब मांडला तर चक्रावायला होते. प्रौढ नायक म्हणून त्याचा पहिला मार्शल आर्ट चित्रपट ३१ ऑक्टोबर १९७१ रोजी हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झाला आणि २० जुलै १९७३ रोजी त्याचे निधन झाले. हा काळ २१ महिन्यांहूनही थोडा कमी भरतो. या काळात त्याने पूर्ण केलेले चित्रपट फक्त चार. मग अख्खे दशक त्याच्या नावावर कसे जमा झाले? त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दशकांचे काय? जाणून घेऊ या त्याच्या आयुष्याच्या आधारे.

जन्म अमेरिकेत, बालपण हाँगकाँगमध्ये

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील चायनाटाउनमध्ये झाला. चिनी पंचांगानुसार ते ड्रॅगनचे वर्ष होते. त्याचे वडील ली होई-च्युएन हे कँटोनीज ऑपेराचे नामवंत कलाकार. गाणे, अभिनय आणि कसरती यांचा मेळ असलेल्या या रंगभूमीच्या दौऱ्यासाठी ते पत्नीसह अमेरिकेत आले होते. ब्रूस काही महिन्यांचा असतानाच ‘गोल्डन गेट गर्ल’ या चित्रपटात तान्ह्या बाळाच्या रूपात पडद्यावर झळकला.

१९४१ मध्ये कुटुंब हाँगकाँगला परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जपानने शहराचा ताबा घेतला. ही राजवट १९४५ पर्यंत टिकली. युद्ध संपल्यावर हाँगकाँगचा चित्रपट व्यवसाय पुन्हा उभा राहिला. वडिलांच्या ओळखीमुळे ब्रूसला बालकलाकार म्हणून कामे मिळू लागली. १९५० च्या ‘द किड’ या चित्रपटात त्याची मुख्य भूमिका होती. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याच्या खात्यावर सुमारे २० चित्रपट जमा झाले. विशेष म्हणजे, हे मार्शल आर्ट चित्रपट नव्हते. बहुतेक कौटुंबिक आणि सामाजिक कथा होत्या आणि त्यांत तो अनाथ, वांड किंवा रस्त्यावर वाढलेला मुलगा असे.

तेव्हाचे कुंग फू चित्रपट कसे होते?

ब्रूस लहान असताना हाँगकाँगमध्ये मार्शल आर्ट चित्रपटांची लाट होतीच. वोंग फेई-हुंग या खऱ्याखुऱ्या वैद्य आणि मार्शल आर्ट गुरूच्या आयुष्यावर बेतलेली चित्रपट मालिका १९४९ मध्ये सुरू झाली. ऑपेरातून आलेला क्वान टाक-हिंग त्यात नायक असे, तर शिह किएन हा ठरलेला खलनायक. एकट्या १९५६ मध्ये या मालिकेचे २५ चित्रपट आले. नायक वडीलधारा, संयमी आणि शिष्यांना नीतीचे धडे देणारा. मारामारीत खऱ्या शैलींचे पवित्रे दिसत, पण वेग बेताचा आणि कॅमेरा जवळपास स्थिर असे.

याच काळात, १९५३-५४ च्या सुमारास, किशोरवयीन ब्रूस गुरू इप मॅन यांच्याकडे विंग चुन शिकू लागला. कमी अंतरावरून, सरळ रेषेत आणि झटपट प्रहार करण्यावर या शैलीचा भर असतो. १९५८ मध्ये त्याने आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी चा-चा नृत्यस्पर्धेचे विजेतेपदही पटकावले. पुढे पडद्यावर त्याच्या पायांची जी चपळ हालचाल दिसली, तिच्यात मुष्टियुद्ध आणि नृत्य या दोन्हींचा वाटा होता. मात्र रस्त्यावरच्या मारामाऱ्या वाढल्या, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले आणि आईवडिलांनी १९५९ मध्ये त्याला अमेरिकेला पाठवून दिले. खिशात होते १०० डॉलर.

अमेरिकेत ब्रूस लीने काय केले?

सिएटलमध्ये एका चिनी रेस्तराँमध्ये वेटरचे काम करत त्याने शिक्षण पूर्ण केले आणि १९६१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. सोबत कुंग फूचे वर्ग सुरू केले. त्याच्याकडे शिकायला कुणालाही मुभा होती, मग तो चिनी असो, गोरा असो वा कृष्णवर्णीय. १९६४ मध्ये त्याने लिंडा एमरी हिच्याशी विवाह केला आणि पदवी अर्धवट सोडून तो ओकलंडला गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाँग बीच येथील कराटे स्पर्धेत त्याने प्रात्यक्षिक दाखवले. अवघ्या एका इंचावरून मारलेला ठोसा आणि दोन बोटांवर काढलेले जोर यांची चर्चा हॉलिवूडपर्यंत पोहोचली. त्यातूनच ‘द ग्रीन हॉर्नेट’ या टीव्ही मालिकेत त्याला काटोची भूमिका मिळाली. सप्टेंबर १९६६ पासून या मालिकेचे २६ भाग प्रसारित झाले. काटो हा नायकाचा चालक आणि मदतनीस. संवाद मोजके, पण मारामारीत तोच भाव खाऊन जाई. त्याच्या हालचाली इतक्या वेगवान होत्या की कॅमेऱ्यात नीट टिपता याव्यात म्हणून त्याला वेग कमी करावा लागला.

मालिका एका वर्षात बंद पडली. त्यानंतर स्टीव्ह मॅक्वीन, जेम्स कोबर्न यांसारखे तारे आणि बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार त्याच्याकडे शिकत होते. एका शैलीत न अडकता उपयोगी ते घ्यायचे, निरुपयोगी ते टाकायचे, या विचारातून त्याने १९६७ मध्ये आपल्या पद्धतीला जीत कुन डो हे नाव दिले. थोडक्यात, हॉलिवूडचे नायक त्याचे शिष्य होते, पण नायकाची भूमिका त्याला कुणी देत नव्हते.

साठचे दशक तलवारीचे का मानले जाते?

ब्रूस अमेरिकेत संधी शोधत असताना हाँगकाँगचा सिनेमा पार बदलला. शॉ ब्रदर्स या बड्या स्टुडिओने मँडरिन भाषेतील भव्य, रंगीत तलवारपटांचा सपाटा लावला. दिग्दर्शक किंग हू यांच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) या चित्रपटात नृत्याचे प्रशिक्षण घेतलेली चेंग पेई-पेई नायिका होती. १९६७ मध्ये तैवानमध्ये बनवलेल्या ‘ड्रॅगन इन’ने यशाची पुढची पायरी गाठली. त्याच वर्षी चँग चेह यांच्या ‘द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ने हाँगकाँगमध्ये १० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला आणि जिमी वँग यू तारा झाला.

या चित्रपटांची ताकद संकलनात आणि रचनेत होती. झाडावर झेप घेणारा योद्धा दाखवायचा तर ट्रॅम्पोलिन, तारा आणि नेमक्या जागी घेतलेला कट यांची मदत घेतली जाई. किंग हू यांच्या चित्रपटांतील मारामारीची आखणी हान यिंग-चिएह करत. ते मूळचे ऑपेराचे कलाकार. त्यामुळे लढतीला नृत्याची लय होती. या दशकाचे चाहते आजही हेच सौंदर्य पुढे करतात. पडद्यावरचा नट खरोखर लढू शकतो का, हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा नव्हता.

ब्रूस ली हाँगकाँगला परत का आला?

कारण साधे होते : अमेरिकेत दारे बंद होती. १९७० मध्ये व्यायाम करताना त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि काही महिने अंथरुणात गेले. पदरी दोन मुले, घराचा खर्च आणि हाती काम नाही. कोबर्न आणि लेखक स्टर्लिंग सिलिफंट यांच्यासोबत त्याने ‘द सायलेंट फ्लूट’ या चित्रपटाची जुळवाजुळव केली होती. वॉर्नर ब्रदर्सची काही कमाई भारतात अडकून पडली होती आणि ती देशाबाहेर नेता येत नव्हती. म्हणून चित्रीकरण भारतात करावे, अशी अट होती. १९७१ च्या सुरुवातीला तिघे त्यासाठी भारतात येऊन गेले. मात्र कोबर्नला जागा पटल्या नाहीत आणि प्रकल्प बारगळला.

पुढे ‘कुंग फू’ या अमेरिकी टीव्ही मालिकेतील चिनी वंशाच्या नायकासाठी त्याचा विचार झाला, पण भूमिका मिळाली डेव्हिड कॅराडीन या गोऱ्या अभिनेत्याला.

दरम्यान, ‘द ग्रीन हॉर्नेट’ हाँगकाँगमध्ये काटोच्याच नावाने ओळखली जात होती, म्हणजे तिथे तो आधीच लोकप्रिय होता. शॉ ब्रदर्सने देऊ केलेले मानधन त्याला मान्य झाले नाही. शॉमधून बाहेर पडून १९७० मध्ये गोल्डन हार्वेस्ट ही कंपनी काढणाऱ्या रेमंड चाऊ यांनी दोन चित्रपटांसाठी मिळून १५ हजार डॉलरचा करार केला.

त्या २१ महिन्यांत नेमके काय बदलले?

पहिला चित्रपट ‘द बिग बॉस’ थायलंडमध्ये तुटपुंज्या खर्चात बनला. नायक बर्फाच्या कारखान्यात राबणारा स्थलांतरित मजूर. चित्रपटाने हाँगकाँगमध्ये सुमारे ३२ लाख हाँगकाँग डॉलर कमावून तोवरचे विक्रम मोडले. मार्च १९७२ मध्ये आलेल्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ने सुमारे ४४ लाखांचा गल्ला जमवला. परकीय वर्चस्वाखालच्या शांघायमध्ये गुरूच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या तरुणाची ही कथा होती. जपानी राजवट भोगलेल्या आणि तेव्हाही ब्रिटिशांची वसाहत असलेल्या हाँगकाँगला ती थेट भिडली. डिसेंबर १९७२ चा ‘वे ऑफ द ड्रॅगन’ ब्रूसने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. रोममधील एका चिनी रेस्तराँची ही गोष्ट. कमाई सुमारे ५३ लाख.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचा होता तंत्रातला बदल. ब्रूस लीने मारामारीत कट कमी केले. कॅमेरा मागे घेतला, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर दिसते. लाथ कुठून निघाली आणि कुठे लागली, हे प्रेक्षकाला एकाच शॉटमध्ये कळते. कोलोझियमच्या पार्श्वभूमीवर अमेरिकी कराटेपटू चक नॉरिसशी झालेली लढत पाहिली की हे लक्षात येते. तिथे आधी दोघे अंग मोकळे करतात, नायक सुरुवातीला मार खातो, मग पवित्रा बदलतो आणि जिंकतो. लढतीलाच कथानक मिळाले.

अर्थात यातही थोडी मदत घेतली जाई. हवेतल्या कोलांट्या अनेकदा युएन वाह हा तरुण स्टंटमन मारत असे. पण ठोसे, लाथा आणि नुनचाकू ब्रूसचेच होते. नायक स्वतः लढू शकतो, यावर प्रेक्षकांचा विश्वास बसला आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक नायकाला ही परीक्षा द्यावी लागली.

चारही दशके एकाच माणसाभोवती कशी?

दशकांची तुलना करताना प्रत्येक दशक हा वेगळा कप्पा मानला जातो. ब्रूस लीच्या चित्रपटांतील कलाकारांची यादी पाहिली तर हे कप्पे मोडून पडतात.

‘द बिग बॉस’मधला मुख्य खलनायक कोण? हान यिंग-चिएह, म्हणजे साठच्या दशकातील तलवारपटांच्या लढती आखणारा माणूस. ‘एंटर द ड्रॅगन’मधला खलनायक हान कोण? शिह किएन, म्हणजे पन्नासच्या दशकातील वोंग फेई-हुंग मालिकेचा खलनायक. चित्रीकरणावेळी त्याचे वय साठीच्या आसपास होते. आणि ऐंशीचे दशक? ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीच्या लढतीत ब्रूससमोर आहे सॅमो हुंग. त्याच चित्रपटात ब्रूस ज्याची मान मोडतो, त्या पहारेकऱ्यांपैकी एक आहे जॅकी चॅन. त्याआधी ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मध्ये खलनायकाच्या जागी भिंत फोडून बाहेर फेकला जाणारा स्टंटमनही जॅकी चॅनच होता.

मृत्यू कसा झाला?

‘एंटर द ड्रॅगन’ हा वॉर्नर ब्रदर्स आणि ब्रूसच्या कंपनीची संयुक्त निर्मिती होता. खर्च सुमारे साडेआठ लाख अमेरिकी डॉलर. चित्रीकरण १९७३ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये झाले. ज्या हॉलिवूडने त्याला नायक केले नव्हते, ते आता त्याच्याकडे आले होते.

१० मे १९७३ रोजी डबिंग करताना तो कोसळला. मेंदूला सूज आल्याचे निदान झाले आणि उपचारांनी तो वाचला. २० जुलै रोजी तो अभिनेत्री बेट्टी टिंग पेई हिच्या घरी होता. डोके दुखत असल्याने त्याने वेदनाशामक गोळी घेतली, झोपला आणि पुन्हा उठला नाही. वय अवघे ३२. मृत्यूचे कारण पुन्हा मेंदूची सूज. चौकशीअंती तो अपघाती मृत्यू ठरवण्यात आला. सूज नेमकी कशामुळे आली, यावर डॉक्टरांमध्ये आजही एकमत नाही. हाँगकाँगमध्ये अंत्यदर्शनासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. दफन सिएटलमध्ये झाले.

महिनाभरात, ऑगस्टमध्ये, ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला. ते यश पाहायला तो नव्हता. २००४ मध्ये या चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवड झाली.

त्याच्याविना सत्तरचे दशक कसे गेले?

इथे एक आकडा लक्षात घ्यायला हवा. १९७३ मध्ये हाँगकाँगमध्ये सर्वाधिक कमाई ‘एंटर द ड्रॅगन’ने केली नाही. त्याची तिथली कमाई सुमारे ३३ लाखांवर थांबली. पहिला आला ‘द हाउस ऑफ ७२ टेनंट्स’, सुमारे ५६ लाख कमावून. चाळीसारख्या गजबजलेल्या इमारतीतील भाडेकरूंचा हा विनोदी चित्रपट कँटोनीज भाषेत होता आणि त्यात कुंग फूचा नायक नव्हता. म्हणजे जग कुंग फूने वेडे झाले, त्याच वर्षी घरचा प्रेक्षक हसायला दुसरीकडे वळला होता.

निर्मात्यांनी मात्र ब्रूस लीची नक्कल सुरू केली. ब्रूस ली या नावाशी जुळणारी नावे घेतलेले नट, तशीच केशरचना, तसेच ओरडणे. कळस गाठला ‘गेम ऑफ डेथ’ने. १९७२ मध्ये ब्रूसने या चित्रपटाचे काही प्रसंग चित्रित केले होते. त्यात तो एका पॅगोडाचा एकेक मजला लढत चढतो आणि सात फूट दोन इंच उंचीच्या करीम अब्दुल-जब्बारशी भिडतो. अर्धवट राहिलेला हा चित्रपट १९७८ मध्ये डमी नट वापरून पूर्ण केला गेला. त्यात ब्रूसच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्ये कथेचा भाग म्हणून घालण्यात आली. त्याने स्वतः चित्रित केलेल्या लढतींपैकी काही मिनिटेच त्यात आली. उरलेली बरीच दृश्ये २००० च्या सुमारास प्रेक्षकांसमोर आली.

जॅकी चॅनलाही आधी दुसरा ब्रूस ली बनवण्याचा प्रयत्न झाला. १९७६ चा ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ आपटला. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, युएन वू-पिंग यांच्या ‘ड्रंकन मास्टर’मध्ये त्याने नेमके उलटे केले. ब्रूसचा नायक रागावतो, जॅकीचा चुका करतो. ब्रूसला मार क्वचित लागतो, जॅकी कळवळतो. प्रेक्षक पुन्हा कुंग फूकडे वळला. त्याच वर्षी ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ने लढतीइतकेच प्रशिक्षणही रंजक करून दाखवले.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत ब्रूस ली कुठे आहे?

ऐंशीच्या दशकात जॅकी चॅन ‘प्रोजेक्ट ए’मध्ये (१९८३) घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली पडला आणि ‘पोलीस स्टोरी’मध्ये (१९८५) मॉलमधल्या दिव्यांनी गुंडाळलेल्या खांबावरून घसरला. हे खरेच त्याने केले, हीच त्या दृश्यांची जाहिरात. नायकाचे शरीर हाच पुरावा, हा ब्रूसने घालून दिलेला नियम इथे टोकाला गेला.

नव्वदच्या दशकात तारा परतल्या. १९९१ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’मध्ये जेट लीने वोंग फेई-हुंग साकारला, म्हणजे पन्नासचा नायक साठच्या तंत्रासह आला. मात्र जेट ली हा वुशूचा विजेता होता. हवेत उडणाऱ्या नायकालाही आता जमिनीवर लढता यावे लागत होते. १९९४ मध्ये त्यानेच ‘फिस्ट ऑफ लीजंड’मधून ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ची कथा नव्याने मांडली.

मग सर्वोत्तम दशक कोणते?

दृश्यसौंदर्य हा निकष लावला तर साठचे दशक वरचढ ठरते. लढतींची कल्पकता, वैविध्य आणि सातत्य पाहिले तर ऐंशीचे दशक पुढे जाते, कारण सॅमो हुंग आणि जॅकी चॅन यांची पिढी दहाही वर्षे सतत काम करत होती. सत्तरच्या दशकाला असे सातत्य नव्हते. २० जुलै १९७३ रोजी त्याचे दोन तुकडे झाले आणि पुढची पाच वर्षे बरीचशी नकलेत गेली.

त्यामुळे ब्रूस लीचे नाव घेऊन संपूर्ण सत्तरचे दशक जिंकवणे हे हिशेबाला धरून नाही. त्याचे श्रेय त्या २१ महिन्यांचे आहे आणि परिणाम मात्र पुढच्या सगळ्या दशकांवर आहे. साठच्या दशकापर्यंत प्रेक्षक लढत किती सुंदर आहे हे पाहत. त्याच्यानंतर ते ती किती खरी आहे हेही पाहू लागले. आजही एखाद्या नव्या अॅक्शन चित्रपटाचा ट्रेलर आला की नायकाने स्टंट स्वतः केले का, हा प्रश्न आधी विचारला जातो. तो विचारण्याची सवय लावणारा माणूस मात्र आपले पन्नासावे सोडाच, तेहतिसावे वर्षही पूर्ण करू शकला नाही.